बशीतला चहा

लाकडी पेन कातण्यासाठी छोटी लेथ हवी म्हणून एमआयडीसीतल्या एका टर्नरला घेऊन मी जुन्या मशीनची दुकानं पालथी घातली. दुकानदारानं चहा दिला की हा तो बशीत ओतायचा, बशी चालू मशीनच्या डोक्यावर ठेवायचा आणि डोळे बारीक करून बघत राहायचा. चहा थरथरला की न पिताच उठायचा.

"न्हाई सर, ही लाकूड फाडती. चला."

चार दुकानांत माझाही चहा राहिला. पाचव्या दुकानात रंग उडालेल्या एका लेथवर चहा हलला नाही. त्यानं तो एका घोटात संपवला.

"हीच घ्या. बिलकुल."

महिन्याभरानं मी केलेला पहिला पेन मोठ्या कौतुकानं त्याला दिला. त्यानं तो टेबलाच्या काचेवर लोळवला. पेन डगमगत गेला.

"मशीन बराबर हाय," तो म्हणाला आणि पेन खिशात ठेवला.