नमुन्याचा मासा

बनानी तरफदार बंगालच्या सीमेवरच्या बेतनाघाट सीमाशुल्क नाक्यावर अधीक्षक होऊन आल्या, तेव्हा ही बाई फार दिवस टिकायची नाही अशी पैज ट्रकवाल्यांनी लावली होती म्हणे. बाई टिकल्या, पैज लावणारे म्हातारे होऊन घरी बसले. पलीकडून येणारा माल तपासणारे चार परीक्षक त्यांच्या हाताखाली. माल खरा कुठल्या देशाचा, त्याची किंमत काय, त्यावर कर किती, हे ठरवायचं काम त्या चौघांचं, आणि चौघांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायचं काम बनानीदींचं. राग नेहमी नाकावर. पण कोणाची चूक निघाली तर त्याला खोलीत नेऊन, दार लावून झापायच्या, चारचौघांत कधी नाही. तेवढ्या एका गुणावर माणसं त्यांच्यासाठी राबत.

वर्षातून एकदा मात्र हा कडकपणा सैल पडायचा. दुर्गापूजेच्या तोंडावर बांगलादेशातून पद्मा नदीचा इलिश मासा यायचा, तोही करमाफ. बर्फातला मासा अडवून ठेवता येत नाही. म्हणून तपासणी म्हणजे वरच्या पेटीतला एखादा मासा उचलायचा, ताजा आहे ना बघायचं आणि ट्रक सोडायचा. उचललेला मासा पुन्हा पेटीत कोणी टाकत नसे. तो नाक्याचा आचारी निताई याच्या कढईत जायचा. हे नियमात बसत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि दरवर्षी सगळे बोटं चाटून जेवत होते. बनानीदीसुद्धा.

माल सोडवून नेणारा दलाल हाराधन साधुखाँ. त्याचीही एक रीत होती. हंगामातला पहिला मासा त्याच्या वडिलांचा. म्हातारा मूळचा चाँदपूरचा, फाळणीत इकडे आलेला. हाराधन माशाच्या कल्ल्यातून सुतळी ओवायचा आणि तो हातात लटकवून, पिशवीत न घालता, सगळ्या बाजारातून मिरवत घरी न्यायचा. यंदा पहिला ट्रक आला त्या दिवशी तो रिकाम्या हातानेच गेला. घाईत असेल, असं म्हणून कोणी लक्ष दिलं नाही.

त्या दिवशी तपासणीला शुभमय कयाल होता. चौघांत सगळ्यात नवा, नोकरी अजून कायम व्हायची होती. त्याने मासा उचलला, पोटावर बोट दाबलं आणि बोटाची खूण तशीच राहिली. डोळे आत गेलेले. त्याने आणखी दोन पेट्या उघडायला लावल्या आणि मग तो बनानीदींकडे आला. त्याचं म्हणणं सरळ होतं. हा मासा गोठवून पुन्हा वितळवलेला आहे. काल पद्मेत पकडलेला मासा आज इथे येतो, तर तो गोठवला कोणी आणि कशाला? हा ब्रह्मदेशचा स्वस्त मासा, पद्मेचा म्हणून करमाफीत घुसवलाय.

प्रद्योत हालदार, परीक्षकांतला सगळ्यात जुना, खो खो हसला. शुभमयचं घराणं इकडचंच, म्हणजे घोटी. घोटी कोळंबीवर जीव टाकणारे, आणि इलिश कळावा तो फाळणीत तिकडून आलेल्या बांगालांनाच, असं निदान बांगालांचं तरी मत.

"ए कोळंबीवाल्या," हालदार म्हणाला, "आता तू शिकवणार होय आम्हाला इलिश?"

सगळे हसले. बनानीदींची आई तिकडची, बारिसालची. त्याही हसल्या.

पण परीक्षकाने शंका घेतली की ती उडवून लावता येत नाही. त्यांनी एक मासा नमुना म्हणून पिशवीत घालून लाखेचा शिक्का मारून घेतला, तो बर्फाच्या पेटीत ठेवला आणि कराएवढ्या रकमेच्या हमीपत्रावर ट्रक सोडला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ट्रकातला मासा कोलकात्यातल्या घराघरांत शिजला. मागे राहिला तो एक.

प्रयोगशाळेचं ठरवायला शुभमय कोलकात्याला गेला. इकडे निताई दारात येऊन उभा राहिला. "दीदी, पेटीतला मासा करू ना आज?" बनानीदींच्या कानाला फोन होता, पलीकडे कोलकाता बंदरावरचा कोणी साहेब खेकसत होता. त्यांनी नीट न ऐकताच हो म्हणून मान हलवली. लाखेचा शिक्का निताईनेही पाहिला, पण हल्ली माशालाही शिक्के मारत असतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

दुपारी सगळे पंगतीला बसले. निताई वाढता वाढता कुरकुरत होता. इलिश तळला की कढईत त्याचंच तेल सुटतं, पहिला भात त्या तेलाशीच खायचा असतो. यंदा थेंब सुटला नाही, त्यालाच वरून तेल ओतावं लागलं. बनानीदींनी दोन घास खाल्ले आणि तुकडा बाजूला सारला. रश्श्यातली मोहरी कडू वाटली आहेस, म्हणून वर निताईलाच बोलल्या.

संध्याकाळी वरच्या कार्यालयातून फोन आला. साधुखाँने तक्रार केली होती. शुभमय कयालने पैसे मागितले, ते दिले नाहीत म्हणून त्याने मालावर खोटी शंका घेतली. चौकशीला सहायक आयुक्त अनंतपद्मनाभन उद्या सकाळी स्वतः येणार आहेत. शिक्क्यातला नमुना त्यांच्या हाती द्यावा.

बनानीदी उठून बर्फाच्या पेटीपाशी गेल्या. झाकण उघडलं. आत नुसतं पाणी. निताईला विचारायची गरजही नव्हती, तरी विचारलं. माशाचं डोकं पुईच्या, म्हणजे मायाळूच्या, भाजीत गेलं होतं, काटे मांजराने नेले होते.

नमुना नाही म्हणजे पोराच्या बाजूने काहीच नाही. तक्रार खरी ठरणार, नोकरी कायम होण्याआधीच जाणार, आणि लाच मागितल्याचा डाग लागला की दुसरीकडे कोणी दारात उभं करणार नाही. आणि बनानीदींना आता पक्कं माहीत होतं की पोरगा खरं बोलतोय. त्यांच्या जिभेला दुपारीच कळलं होतं. त्यांनी फक्त ते मोहरीवर ढकललं होतं.

तोड हालदारने काढली. तो आता हसत नव्हता. दार लावून हळू आवाजात म्हणाला, की बाजारात ब्रह्मदेशचा मासा हवा तेवढा मिळतो. तेवढ्याच वजनाचा आणायचा, शिक्का आपलाच आहे. प्रयोगशाळा म्हणेल ब्रह्मदेशचा, आणि ते खरंच आहे. "खोटं कुठे बोलतोय आपण, दीदी? खरं तेच सिद्ध करतोय."

बनानीदींना ते पटलं, हे कबूल केलं पाहिजे. त्यांनी स्वतःच्या पर्समधून पैसे काढून दिले. सकाळी निताई मासा घेऊन आला. त्यांनी तो पिशवीत घातला, सुतळी बांधली, मेणबत्तीवर लाख धरली. लाख मऊ झाली, पितळी शिक्का हातात होता, आणि तेवढ्यात शुभमय आत आला.

काय झालं ते त्याला रात्रीच कळलं होतं. त्याने पिशवी पाहिली, शिक्का पाहिला, बनानीदींकडे पाहिलं. मग मान वळवून खिडकीबाहेर उभ्या ट्रकांकडे बघत राहिला. घाबरला होता बिचारा. हे होऊन जाऊ दे, आपण पाहिलंच नाही, असं त्याच्या पाठीवर लिहिलं होतं.

त्या पाठीने बनानीदींचा हात अडवला. माल उलटापालटा करून बघणारा, मोठ्यांच्या हसण्याला न जुमानणारा हा पोरगा आज मान वळवायला शिकत होता, आणि शिकवत होत्या त्या. त्यांना स्वतःची शिसारी आली. त्यांनी मेणबत्ती विझवली.

"सुतळी सोड," त्या शेजारी उभ्या हालदारला म्हणाल्या.

"दीदी, साहेबांची गाडी फाटकात आलीय."

"म्हणूनच म्हणते, सोड."

अनंतपद्मनाभन मूळचे कुंभकोणमचे, जन्मात मासा तोंडाला न लावलेले. ते खुर्चीवर बसले, समोर साधुखाँ पांढराशुभ्र शर्ट घालून, भिंतीशी परीक्षक. त्यांनी नमुना मागितला.

"नमुना नाही, साहेब," बनानीदी म्हणाल्या. "नमुना मी खाल्ला."

साहेबांनी चष्मा काढला. बनानीदींनी एका दमात सगळं सांगितलं. निताईने विचारलं होतं, त्यांनी मान हलवली होती, त्याचा दोष नाही. दरवर्षीची रीत त्यांनीच चालू दिली होती. साहेब येऊन बसेपर्यंत हे सगळं घाईने लिहून सही केलेला कागद त्यांनी टेबलावर ठेवला.

"आणि तो मासा पद्मेचा नव्हता," त्या म्हणाल्या. "ह्या पोराला डोळ्यांनी कळलं. मला खाऊन कळलं."

साधुखाँला हसू आवरेना. "साहेब, काय हे! सरकारी नमुना जेवून टाकायचा आणि वर चवीची साक्ष द्यायची. नमुनाच नाही तर आरोप कसला? पोराने पैसे मागितले, मिळाले नाहीत, एवढीच गोष्ट आहे."

साहेबांनी तक्रारीचा कागद पुढे ओढून पेन उघडलं. ते तक्रारीवर काय शेरा मारणार ते सगळ्यांना दिसत होतं.

"हाराधनबाबू," बनानीदी म्हणाल्या, "यंदा बाबांना मासा नेला नाहीत तुम्ही."

साधुखाँ गडबडला. "घाईत राहून गेलं."

"त्यानंतरही ट्रक आले तुमचे."

"बाबांची तब्येत बरी नाही."

"काल तर बाजारात भेटले मला," भिंतीपासून हालदार बोलला. सगळ्यांनी वळून पाहिलं. "ठणठणीत होते. मला विचारत होते, बाबा रे, यंदा पद्मेचा मासा सोडलाच नाही का तिकडच्यांनी? हारू म्हणतो, आलाच नाही."

साहेबांनी बनानीदींकडे पाहिलं, तेव्हा त्यांनी पहिल्या माशाची रीत दोन वाक्यांत सांगितली. अनंतपद्मनाभन यांना इलिशमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बापाच्या ताटात काय वाढू नये, हे कळायला मासे खावे लागत नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि साधुखाँकडे पाहिलं.

"त्यांना पहिल्या घासाला कळलं असतं," साधुखाँ शेवटी पुटपुटला. मग त्याने खाली मान घातली आणि ती वर केली नाही.

तक्रार त्याने तिथेच मागे घेतली. माल पाठवणाऱ्याची चौकशी लागली, हमीची रक्कम अडकली. उठताना साहेबांनी बनानीदींचा कागद उचलला. "हा मला फाडता येणार नाही, मॅडम. तुमचं नाव बढतीच्या यादीत होतं."

"फाडू नका," त्या म्हणाल्या. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मात्र त्या खुर्चीत बसल्या. बढतीची वाट त्यांनी फार वर्षं पाहिली होती. वाईट वाटायचं ते वाटलंच.

दुपारी निताईने दारातून चाचरत विचारलं, की सकाळी आणलेल्या माशाचं काय करायचं.

"माझ्या पैशाचा आहे. शिजव."

पंगत बसली. बनानीदींनी पहिला तुकडा शुभमयच्या ताटात वाढला. त्याने घास घेतला, चावला आणि भीतभीत म्हणाला, "दीदी, अगदीच बेचव आहे हो."

हालदार हसायला लागला आणि मध्येच थांबला, कारण बनानीदी वाढायची पळी हातात घेऊन तशाच उभ्या होत्या. खोलीत नेऊन, दार लावून बोलायची त्यांची सवय. आज त्या सगळ्यांसमोर बोलल्या.

"त्या दिवशी मीही हसले तुला, शुभो. चुकलं माझं."

आणि त्यांनी त्याला आणखी भात वाढला.