खोटा जखमी

जोतिबाच्या वाटेवर काल एका दुकानदारानं नवं पाल ठोकलं होतं. उन्हात तापलेल्या जाड कापडाचा वास आला आणि मला आमच्या घरचे तंबू आठवले.

महाराजांच्या अमदानीत, इंग्रज-जर्मनांच्या मोठ्या लढाईच्या वेळी, फौजेच्या फिरत्या इस्पितळाचे तंबू मंगळवार पेठेत आमच्या घरी शिवले जात. ते उभारायला माझा भाऊ रशीद फौजेबरोबर निघाला होता. त्याआधी मैदानावर एक तंबू ठोकून पाहिला. जखमी आत कसा न्यायचा हे बघायला रशीदच डोलीत आडवा झाला आणि चौघांनी त्याला उचलून आत नेलं. कापडातून झिरपणाऱ्या पिवळट उजेडात तो डोळे मिटून निपचित पडला.

अम्मा ओरडली, "ऊठ म्हणते की! असलं सोंग बघवत न्हाय मला!"

"अगं, खोटं हाय की सगळं," म्हणत तो हसत उठला. मीही हसले. अम्मानं मात्र ती डोली लगेच तंबूबाहेर काढायला लावली.

रशीद बसऱ्याकडं वाळवंटात पडला, एवढंच पुढं कळलं. आज अम्माच्या वयाची झाल्यावर राहून राहून वाटतं, त्याला खरंच कुणी उचलून तंबूत नेलं असेल का? निदान सावलीत तरी?