आल्या वाटेनं

दादा सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या पेटीत एक इंग्रजी पुस्तिका होती. तो जंगलात बंदूकधारी गटांशी लढणाऱ्या तुकडीत आहे. बढतीची परीक्षा पास झाला तर पूर्ण प्लाटून त्याच्या हाताखाली येणार होती. मोताळ्यातल्या आमच्या घरात इंग्रजी नीट वाचणारी मी एकटीच.

"तुह्या इंग्रजीचा आज पयल्यांदा घराले उपयोग," तो म्हणाला. "वाच, अन् आपल्या भाषेत सांग."

दुपारी कूलरसमोर बसून मी वाचू लागले. या गटांना राजधानी नसते, सीमा नसते, म्हणून त्यांची जमीन जिंकली तरी ते हरत नाहीत. ते तुमच्या सवयी पाहतात. कुठल्या सावलीत बसता, कुठे पाणी पिता.

पुढचं वाक्य असं होतं, की गेल्या वाटेनं परत येणारा कमांडर आपली माणसं स्वतःच शत्रूच्या हाती देतो. मी ते गाळलं. दादा आल्यापासून दूध आणायला गेला तरी येताना दुसऱ्या गल्लीतून येत होता. आई हसायची, "रस्ता भुलला काय रे?" मी काही विचारलं नव्हतं.

"काऊन थांबली वं?"

"पुढे तेच आहे."

"नाई. गाळलं तू. सांग."

मी सांगितलं. त्यानं उठून कूलर बंद केला.

"तीन दिवस पायी होतो. पोट्ट्याइचे पाय फुटले होते. चौघाइची सुट्टी मंजूर होती, गाडी सुटून जाईन म्हणत होते. मी म्हटलं, चला, आल्या वाटेनं."

सकाळी ज्या दगडावर बसून एकानं बिस्किटं खाल्ली होती, त्याच्याजवळच सुरुंग फुटला. त्या जवानाचे दोन्ही पाय गुडघ्याखाली उडाले. एक बूट पळसाच्या फांदीला अडकला, आतल्या पायासकट. तो पाणी मागत होता. दादा ओरडला, कोणी जाऊ नका. तरी दोघं धावले आणि दोन्ही बाजूंनी गोळ्या सुरू झाल्या. एकाचं डोकं फुटलं. दुसऱ्याचा गोळी लागलेला गळा दादानं हातानं दाबून धरला.

"बोटातून गरम रक्त येऊन राह्यलं होतं. दाबलं का जास्तच यायचं."

तिघेही गेले.

"चौकशीत मी म्हटलं, वाट तपासली होती. खोटं नाई ते. सकाळी तपासली होती."

परीक्षेत स्वतःची एक चूक लिहायची असते. त्यानं माझ्याकडून इंग्रजी उत्तर मागितलं. जवानांनी घाई केल्यामुळे जुनी वाट धरावी लागली, असं मी लिहिलं आणि अर्थ सांगितला.

"थे मेले. त्याइच्यावर नको ढकलू."

"मग बढतीचं काय?"

"असं लिहून पास झालो त प्लाटून देतीन मले. तीस पोट्टे. त्याइच्या जिवाचा विचार कर ना."

मी खोडून पुन्हा लिहिलं. मुलांनी आग्रह केला, हुकूम मी दिला, तिघे माझ्यामुळे मेले. दादानं ते चार वेळा उतरवून पाठ केलं. उच्चार चुकत होते. मी दुरुस्त केले नाहीत.

परीक्षेनंतर महिन्याभरानं त्याचा फोन आला. बढती थांबली होती, चौकशी पुन्हा उघडली होती.

"रडून राह्यली काय वं?" तो म्हणाला. "तुही इंग्रजी साहेबाले बराबर समजली."