विहीणबाईंची खुर्ची

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीतच सुटलं. त्याबद्दल आधीच माफी मागते. हे कुणी वाचणार नाही, तरी सवयीनं मागते. पण एक गोष्ट बिनचूक लिहिते: आमच्या विहीणबाईंइतकं चिकाटीनं उभं राहणारं माणूस अख्ख्या अमेरिकेत सापडणार नाही.

त्यांचं उभं राहणं साधं नव्हे. माझ्या लेकीच्या लग्नात त्यांच्यासाठी मांडलेल्या गादीच्या खुर्चीत आमच्या गावचे तलाठी येऊन बसले आणि बसल्या बसल्या झोपले. सरकारी माणसाला उठवायचं कुणी? मुलाची आई आहेर संपेपर्यंत उभी. तेव्हापासून माझ्यादेखत त्या कधी टेकल्या नाहीत. लेकीच्या बाळंतपणाला मी मिसिसिपीकाठच्या या शहरात आले, तर बाई लेकाकडं आधीच आलेल्या; ओट्याशी उभ्यानं जेवायच्या, मालिका उभ्यानं बघायच्या. मी आत गेले की सोफा करकरायचा. बाहेर आले की बाई खांबासारख्या उभ्या. "बसा की, विहीणबाई," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसायचं होतं तेव्हा बसवलंत?" गुडघे सुजायचे, लेक त्यांना तेल चोळायची आणि माझ्याकडे बघायची. विहीणबाई आठवड्याभरात गावी परत जाणार होत्या. हा रुसवा तसाच राहिला तर माझ्या पोरीला जन्मभर ऐकावं लागणार, एवढीच माझी धास्ती.

जावई म्हणाले, "आई, तुम्हा दोघींना म्युझियमला ड्रॉप करतो. मस्त आउटिंग होईल!"

तिकिटाच्या खिडकीवरच्या पोरीनं म्हाताऱ्यांची सवलत देऊ केली. विहीणबाई ताठ झाल्या. "सवलत? मुलाकडच्यांना? पूर्ण तिकीट काढा." मुलीची आई मी, पैसे मीच दिले. त्यांचं पूर्ण, माझं गुपचूप सवलतीचं.

आत या शहराचा इतिहास मांडला होता. पुराचे फोटो बघून बाई म्हणाल्या, "आमच्याकडं दरसाल येतो, कुणी फ्रेम नाही केली." इथं पूर्वी नदीतल्या शिंपल्यांची बटणं करत. "शिंपला हाती आला आणि यांना बटणं सुचली!" कोळशाची इस्त्री काचेत, खाली मखमल. "आमच्या इस्त्रीवाल्याला कळवा, त्यालाही काचेत ठेवतील."

जिभेला थकवा नव्हता, पण पाय लटपटत होते. शेवटच्या दालनात जुन्या बोटीच्या कप्तानाची खुर्ची होती. लाल मखमल, पितळी खिळे, पुढं दोरी. बाईंनी दोरीचा हूक काढला आणि बसल्या. "अशी हवी होती," म्हणाल्या.

पांढऱ्या केसांचा रखवालदार धावत आला. "मॅडम, प्लीज!"

"त्याला सांगा, मी मुलाची आई आहे."

मी आजवर गोऱ्या माणसाशी बोलले नव्हते. दुकानात पोरगीच बोलते, तिकिटाच्या खिडकीवर बोटांनी भागलं होतं. पण आता बाई उठल्या असत्या तर पुन्हा कधीच बसल्या नसत्या. मी मध्ये उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "सर, शी बॉय मदर. मॅरेज. नो चेअर."

त्याला काय कळलं देव जाणे. तो गेला आणि आपल्या ऑफिसातली चाकांची खुर्ची ढकलत घेऊन आला. दालनाच्या मधोमध ठेवली, वाकून हात पुढं केला. "फॉर द मदर."

बाई पदर सावरून उठल्या आणि त्या खुर्चीत बसल्या. खुर्ची गर्रकन फिरली आणि माझ्यासमोर थांबली.

"विहीणबाई, पाणी द्या." त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. पाणी पिऊन शेजारच्या बाकाकडं बोट दाखवलं. "तुम्हीही टेका. तो तलाठी घोरत होता हो?"

"घोरत होता."

मग दोघी इतक्या हसलो की रखवालदार पुन्हा डोकावला.

त्यांच्या निघायच्या दिवशी बॅगा गाडीत चढल्या. बाई माझ्याशेजारी सोफ्यावर बसून होत्या. पर्समधून नोटा काढून त्यांनी माझ्या मुठीत कोंबल्या. तिकिटाचे पैसे.

"अहो, मुलाकडच्यांकडून कसे घेऊ?"

"घ्या. पुढच्या खेपेला दोघीही सवलतीत जाऊ. आलेच तर."

त्या गेल्यावर मूठ उघडली. दोन्ही तिकिटांचे पैसे पूर्ण होते, माझी सवलत न धरता.