सगळ्यांची एकच पिन

आमच्या मिऱ्या गावच्या तात्या मयेकरांकडे चार्जर मागायला गेलं, की ते आपल्याकडे असे बघायचे, जणू आपण त्यांची होडीच मागायला आलोय. मग ठरलेलं वाक्य यायचं, "वायर घराबाहेर जायची नाय. फोन लाव, नि तूपण बस."

तात्यांनी जन्मभर मालवाहू बोटींवर नोकरी केली. बाकीचे खलाशी येताना अत्तरं, घड्याळं आणायचे. यांनी चार्जर आणले. गोल पिन, चपटी पिन, रुंद पिन, सगळे पडवीत खिळ्यांना टांगलेले. "ही तोरणं उतरवा आधी," म्हणून काकी ओरडायच्या. काकी गेल्या, तोरणं राहिली. मोबाईल कंपन्यांचे तर उपकारच म्हणायचे. दर नव्या फोनला नवी पिन, त्यामुळे वाडीतलं कोणी ना कोणी रोज संध्याकाळी अडलेलंच असायचं. फोन जरा भरेपर्यंत तात्या चौकशी करत समोरच्याच्या पगारापर्यंत पोचायचे, अर्धा भरला की सासूपर्यंत. माझं लग्न उशिरा का झालं, हे मला नीटसं माहीत नाही, तात्यांना होतं.

पुढे युरोपात कायदा झाला, सगळ्या फोनना एकच पिन. मी शहाणी, ही बातमी मोठ्या हौसेनं त्यांना सांगायला गेले. कचरा कमी होईल, खर्च वाचेल, पृथ्वीसुद्धा वाचेल, मी म्हणाले. तात्या खिळ्यांकडे बघत राहिले.

"पृथ्वी वाचेल गो," ते म्हणाले. "पण मग हितं येणार कोण?"

बघता बघता तीच पिन वाडीत घरोघरी झाली. स्वयंपाकघरात, रिक्षात, देवळाच्या कट्ट्यावरसुद्धा. तात्या संध्याकाळी दोन खुर्च्या मांडून एकीवर बसायचे आणि आम्ही रस्त्यावरून हात हलवून पुढे जायचो. फोन भरलेले होते ना आमचे. भलतीच सोय झाली होती.

मग त्यांच्या मुलानं मुंबईहून नवा फोन पाठवला. आठ दिवसांत तात्या माझ्या दारात हजर. काकी गेल्यापासून हा माणूस कोणाचा उंबरठा चढला नव्हता.

"तुझी वायर माझ्या फोनला चालते म्हणे," ते म्हणाले. "कायदाच हाय. तुला नाय म्हणता यायचं नाय."

तेव्हापासून आज माझ्याकडे, उद्या शेजारी, परवा खालच्या आळीत, अशी त्यांची फेरी सुरू झाली. मुलानं एवढा महागडा फोन दिला आणि वायर द्यायला विसरला, म्हणून वाडीनं त्या बिचाऱ्याला यथेच्छ नावं ठेवली. वाडी हुशारच आमची.

परवा ते आले तेव्हा मी फोन हातात घेतला. पूर्ण भरलेला होता. मी बघितलं, हे त्यांनीही बघितलं.   मी पिन लावली.

"वायर घराबाहेर जायची नाय, तात्या," मी म्हणाले. "तुम्हीपण बसा."

ते बसले, आणि चहा उकळायच्या आत माझ्या सासूपर्यंत पोचले.