गुरुवारचा वर्ग

डोंबिवलीत तेव्हा बायकांचे योगवर्ग पुष्कळ होते. अंगावर काही न ठेवता आसनं करायचा, माझ्या माहितीतला तरी, आमचा एकच. नव्वदनंतरची गोष्ट. वर्ग घेणाऱ्या बाई निवृत्त नर्स होत्या. त्यांच्या घरी गुरुवारी दुपारी आठजणी जमायच्या. दाराला कडी, खिडक्यांना जाड पडदे, आपली चटई आपण आणायची आणि दुसरीच्या अंगाबद्दल बोलायचं नाही. बाई म्हणायच्या, "साडीत कंबर वाकतेय की नुसत्या निऱ्या, ते मला कळत नाही." कपडे काढायची सक्ती मात्र नव्हती. पहिल्या दिवशी मला इतकंच दिसलं की परकराच्या नाडीचा काळा वळ प्रत्येकीच्या कंबरेवर आहे. मग भीड निम्मी गेली.

निम्मीच. दीड वर्षापूर्वी कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये माझा डावा स्तन काढला होता. दवाखान्याबाहेर ती जागा कोणी पाहिली नव्हती, नवऱ्यानेसुद्धा नाही. मी यांच्याकडे पाठ करून साडी बदलायचे आणि ब्लाऊजमध्ये जुन्या लुगड्याचा बोळा भरायचे. यांनी कधी काही विचारलं नाही. यांना किळस येत असणार, असं मी ठरवून टाकलं होतं.

तीन गुरुवार मी ब्लाऊज-परकरावर कोपऱ्यात काढले. चौथ्या गुरुवारी हलासनात पाय डोक्यामागे नेले आणि बोळा घसरून थेट गळ्याशी आला. सगळ्याजणी एकदम छताकडे बघायला लागल्या. त्यांच्या त्या सभ्यपणाचाच मला राग आला. उठून बसले, ब्लाऊज काढून भिरकावला आणि म्हटलं, "घ्या, बघा एकदाचं!"

शेजारी खाडीकडच्या गावातली एक कोळीण असायची. गुरुवारी मासळीला फारसं गिऱ्हाईक नसतं, म्हणून तिला यायला जमायचं. ती एकटीच सरळ बघत होती.

"दुखतं का गो अजून?"

दीड वर्षात हे मला कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "हात वर जात नाही."

बाई जवळ आल्या, मागून-पुढून पाहिलं. "छाती झाकायला तुम्ही खांदा सारखा पुढे ओढून धरता. हात त्यानेच आखडलाय. ब्लाऊजवरून मला हे दिसलंच नव्हतं." मला उताणं निजवून त्यांनी हात हळूहळू डोक्याकडे नेला. रोजच्यापेक्षा दोन बोटं वर गेला. मग वर्ग पुढे सुरू झाला.

संध्याकाळी हे कामावरून आले. चहा झाल्यावर मी सगळं सांगितलं आणि सरळ विचारलं, "तुम्ही का नाही कधी विचारलंत, दुखतं का म्हणून?"

"तू पाठ फिरवायचीस. वाटलं, मी बघितलेलं तुला नको असेल."

असा संताप आला! यांचा आणि माझाही. दीड वर्ष एका खोलीत राहून आम्ही दोघं हे असं समजून बसलो होतो.

"बघायचंय?"

यांनी मान हलवली, उठून दार लावलं. काखेपासून छातीच्या मध्यापर्यंतचा तो व्रण सावकाश पाहिला.

"हात लावू?"

"लावा."

यांची बोटं नीट टेकतही नव्हती. माझा आवाज चढला, "अहो, नीट ठेवा हात. मोडत नाही मी."