अंकलनी मुलीचं नाव कुठेच लावलं नाही

मित्रांनो, सध्या मी एका संस्थेचा सर्व्हे करतोय. रिटायर झालेल्यांचं पेन्शन, खर्च, दिव्यांगांच्या सवलती, असं सगळं घरोघरी विचारायचं. आज भुईगावात होतो. वाटेत एका वाडीत केळी उतरवत होते, ते बघत अर्धा तास घालवला. असो.

शेवटचं घर रिटायर शिक्षकांचं. "अंकल, घरात कोणी दिव्यांग?"

"नाही. आम्ही दोघंच."

तेवढ्यात आतून कोणीतरी ओरडलं. आंटी पेजेची वाटी घेऊन आत धावल्या. मी 'नाही'वर टिक केली.

निघालो तर आंटी फाटकापर्यंत आल्या. "मुलगी आहे रे. चाळीस वर्षांची, अंथरुणावरच असते. लोकांच्या लाजेने यांनी पेन्शनच्या कागदांतपण तिचं नाव घातलं नाही. आमच्यामागे तिला मिळेल ना?"

"अंकल आहेत तोवर नाव लावून घ्या, आंटी. नंतर फार अवघड जातं."

"माझं ऐकत नाहीत. तू सांगतोस?"

मी बसचं कारण सांगून सटकलो.

सर्व्हेचा फॉर्म अजून पाठवलेला नाही. उद्या परत गेलो तर अंकलशी कुठून सुरुवात करू? तुम्ही काय बोलला असता?

आत्ता लक्षात आलं, तिचं नाव मीपण विचारलं नाही.